पावतीवरचं नाव

मुंबईतल्या जुन्या घराचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा गोष्टी गोळा करायला लागतो आणि तिथेच रुतून बसतो. ‘आमच्या चाळीत टिळक येऊन गेले होते’ हे गिरगावात इतक्या ठिकाणी ऐकू येतं की सगळंच खरं धरलं, तर लोकमान्यांना ‘केसरी’चा अग्रलेख लिहायला सवडच मिळाली नसती. गोष्टी जरूर ऐकाव्यात, पण नंतर. आधी पैसा शोधावा.

या शहरात कुणाचंही नाव कागदावर चढलं ते बहुधा पैशाच्या देवघेवीत. कलेक्टरने सारा घेताना लिहिलं, पालिकेने घरपट्टी लावताना, घरमालकाने भाडं घेताना, कोर्टाने फी घेताना आणि गणेशोत्सव मंडळाने वर्गणी घेताना. ज्याने पैसे भरले त्याचं नाव उरलं. ज्याने भरले नाहीत तो त्याच खोलीत चाळीस वर्षं राहिला, तिथेच वारला, तरी सहजासहजी सापडत नाही. हे एकदा पक्कं ध्यानात घेतलं की कुठल्या दप्तरात कोण भेटेल आणि कोण भेटणार नाही, याचा अंदाज आधीच येतो आणि फुकटच्या खेपा वाचतात.

पुढचं सगळं मुख्यतः जुन्या शहराबद्दल, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईबद्दल आहे. उपनगरांचं खातं निराळं. तिथे साष्टी तालुक्याची दप्तरं, सातबारा, गावठाण आणि नगर भूमापनाचा सीटीएस नंबर यांच्या वाटेने जावं लागतं.

पहिलं काम घराचा नंबर शोधण्याचं, आणि तो एक नसतो. जुन्या खरेदीखताच्या शेवटी जागेचं वर्णन असतं, त्याला शेड्यूल म्हणतात. कंटाळवाणं म्हणून लोक ते सोडून देतात. खरं तर अख्ख्या खतातला सगळ्यात कामाचा मजकूर तोच. कलेक्टरच्या दप्तरी जुना नंबर अमुक, नवा नंबर तमुक. जुना सर्व्हे नंबर, नवा सर्व्हे नंबर. कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर अमुक, गिरगाव डिव्हिजन. महापालिकेच्या दप्तरी सी वॉर्ड नंबर अमुक, स्ट्रीट नंबर अमुक. त्याखाली चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोणाची मिळकत, पश्चिमेला कोणती गल्ली. एवढे नंबर का, तर शहराची मोजणी पुन्हा पुन्हा झाली. 1865 ते 1872 या काळात कर्नल लॉटनने केलेली मोजणी इतकी बारीक आहे की तिच्या नकाशांवर एकेका इमारतीचा आकार ओळखता येतो. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नवी मोजणी झाली आणि आजचे सी. एस. नंबर रूढ झाले. पालिकेने कर गोळा करण्यासाठी आपले वेगळे नंबर ठेवले. म्हणून आधी एका कोऱ्या कागदावर आपल्या घराचे सगळे नंबर एकाखाली एक लिहून काढावेत. हा कागद नसेल तर प्रत्येक कार्यालय तुम्हाला दुसऱ्या कार्यालयात पाठवतं, आणि खिडकीवरच्या माणसाचं त्यात काही चुकत नाही.

इथे दोन खोडे हमखास पडतात. मोजणीची डिव्हिजन आणि पालिकेचा वॉर्ड यांच्या हद्दी एक नाहीत. गिरगाव डिव्हिजनमधलं घर डी वॉर्डात असू शकतं. आणि जमिनीचे तुकडे पडले की शहरात पोटनंबर आधी लिहितात, 1/345, 2/345 असे. सातबाऱ्याची सवय झालेले लोक तो उलटा वाचतात आणि भलत्याच मिळकतीचा उतारा घेऊन येतात.

रस्त्याचं नावही जपून वापरावं. गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल रस्ता झाला, गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट रस्ता, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीटचा शामलदास गांधी मार्ग, डिलाइल रोडचा ना. म. जोशी मार्ग. नामांतरानंतरही लोक पत्रावर कित्येक वर्षं जुनंच नाव घालत राहिले. त्यामुळे पत्त्यात लॅमिंग्टन रोड आहे म्हणून कागद जुना, असं होत नाही. उलट मात्र चालतं. नवं नाव असेल तर तो कागद नामांतराच्या आधीचा नाही.

नंबर हाताशी आले की मालमत्ता पत्रक काढावं. शहरासाठी ते जुन्या कस्टम हाऊसमधल्या नगर भूमापन व भूमी अभिलेखाच्या कार्यालयाकडे असतं. क्षेत्रफळ जुन्या नोंदींत चौरस वारात मिळतं. एक चौरस वार म्हणजे 0.836 चौरस मीटर. फेरफाराच्या नोंदींतून मालक कधी बदलला ते कळतं. पण माझ्या मते या पत्रकातला सगळ्यात बोलका रकाना धारणाप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे त्याचा. ‘फोरस’ लिहिलं असेल तर ती जमीन कधीकाळी सखल, पाणथळ होती आणि भराव घालून लागवडीला दिलेली होती, असं समजायला हरकत नाही. 1851 साली या जमिनींसाठी खास कायदा झाला. ‘फाजिंदारी’ असेल तर जरा थांबून नीट वाचावं, कारण मग मालक दोन. जमीन फाजिंदाराची आणि तिच्यावरची इमारत दुसऱ्याची. इमारतीचा मालक फाजिंदाराला वर्षाचं किरकोळ भुईभाडं देत असे. पत्रकावर एकाचं नाव, घरपट्टीच्या बिलावर दुसऱ्याचं, भाडेपावतीवर कदाचित तिसऱ्याच ट्रस्टचं. पाहणाऱ्याला वाटतं, कुठेतरी घोळ आहे. घोळ नसतो. तीन जण तीन वेगवेगळ्या कारणांनी पैसे घेत असतात.

मालकीची साखळी नोंदणी कार्यालयातल्या इंडेक्स टूवरून जोडतात. त्यात मिळकतीच्या नंबरावरून दस्त सापडतो. साधारण 1985 पासूनच्या नोंदी ऑनलाइन शोधता येतात. त्याआधीच्या पुस्तकांसाठी सर्च क्लार्क गाठावा. तो वर्षागणिक यादी करून देतो आणि त्या यादीत काही वर्षांपुढे ‘निरंक’ असतं, काहींपुढे ‘पाने फाटलेली’. या दोन शेऱ्यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. निरंक म्हणजे त्या वर्षी व्यवहार नोंदलेला नाही. फाटलेली म्हणजे काय झालं ते त्या पुस्तकातून कळणार नाही. घराचा इतिहास लिहिताना लोक दुसऱ्याला पहिला समजतात आणि ‘1931 ते 1948 मालकी बदलली नाही’ असं ठोकून देतात.

मालक हिंदू असेल आणि मृत्युपत्र करून वारला असेल, तर उच्च न्यायालयाच्या प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याच्या, फायली बघायलाच हव्यात. 1 सप्टेंबर 1870 पासून मुंबई शहरात केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट लागू लागलं. अर्जासोबत मिळकतीची यादी आणि देण्यांची यादी जोडावी लागे. पहिल्या यादीत घराचं वर्णन आणि किंमत येते, कधी कधी वसूल व्हायच्या भाड्याची रक्कमही. दुसऱ्या यादीत अंत्यविधीचा खर्च आणि मयताने कुणाकुणाचं देणं ठेवलं तो हिशोब. भावाभावांत वाटणीचा दावा झाला असेल तर शोधणाऱ्याची चांदीच. भांडणाऱ्या माणसांइतकं तपशिलात कोणी लिहीत नाही. घर धर्मादाय ट्रस्टचं असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे 1950 च्या कायद्याखालची नोंद असते, तिच्या परिशिष्टात ट्रस्टच्या मिळकती उतरवलेल्या असतात. मराठी मालकांचे जुने कागद मोडी लिपीतले निघाले तर घाबरून जाऊ नये. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे. ते मोडीचे वर्गही घेतं. दहा-वीस कागदांपुरतं वाचन शिकायला फार काळ लागत नाही.

आता प्रत्यक्ष इमारत. ती कधी बांधली याचं उत्तर कागदापेक्षा इमारतच नेमकं देते, पण तीही फसवते.

दर्शनी भिंतीवर साल कोरलेलं असेल तर आधी ते कोणतं पंचांग आहे ते पाहावं. शके असेल तर 78 मिळवावेत: शके 1823 म्हणजे 1901-02. गुजराती किंवा भाटिया मालकाच्या इमारतीवर संवत असतो आणि तो कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. संवत 1958 म्हणजे 1901 च्या दिवाळीपासून 1902 च्या दिवाळीपर्यंत. म्हणून सरसकट 57 वजा करून चालत नाही, बहुतेक महिन्यांना 56 लागतात. पारशी मालकाचं यज्दगर्दी साल असेल तर 630 किंवा 631 मिळवावेत. एवढं करूनही ते साल अख्ख्या इमारतीचंच असेल, असं नाही. चौकातल्या देवळाचं, पाणपोईचं किंवा नुसत्या नव्या दर्शनी भिंतीचंही असू शकतं.

कौलं तर फारच फसवी. बासेल मिशनच्या मंगलोरी कौलावर 1865 छापलेलं असतं आणि उत्साही माणूस लगेच घराला 1865 सालात नेऊन बसवतो. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल भाजल्याचं नाही. तेच कारखाने पहिल्या महायुद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा कॉमनवेल्थचा छाप असलेलं कौल युद्धानंतरचं, एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं. लोखंडी गर्डरवरही नाव असतं. रंगाचे थर तारेच्या ब्रशने हलके काढले की उठावाची अक्षरं दिसतात: डॉर्मन लाँग असेल तर माल विलायती, टाटांचा असेल तर 1912 नंतरचा, कारण साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद त्या साली निघालं. पण गर्डर पुढच्या दुरुस्तीतही बसवलेला असतो. सज्जाखालच्या ओळीतले सगळे गर्डर एका छापाचे असतील आणि त्यांची टोकं मूळ चुन्याच्या भिंतीत मुरलेली असतील तरच त्यांना साक्षीला काढावं. टोकाभोवती सिमेंटचं ठिगळ दिसलं तर तो रिपेअर बोर्डाचा, म्हणजे जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या सरकारी मंडळाचा उद्योग.

लाकडाचंही तसंच. सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट हे जुन्या चाळीचं हाडपेर. तुळईवर कशाशीच मेळ न बसणाऱ्या रिकाम्या खाचा दिसल्या तर ते लाकूड आधीच्या कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीचं आहे. अशा वेळी लाकूड घरापेक्षा वयाने मोठं. मागच्या बाजूचा संडासांचा भाग आणि मूळ भिंत यांच्यामधला सांधा बघावा. विटा एकमेकींत गुंफलेल्या असतील तर दोन्ही एकाच वेळचं काम, वरपासून खालपर्यंत सरळ चीर असेल तर तो भाग मागाहून चिकटवलेला. हाऊस गल्लीत, म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमधल्या अरुंद बोळात, उभं राहून हे बघावं लागतं आणि तिथे पावसाळ्यात जाऊ नये, बाकीचे आठ महिने वर बघत चालावं. चौकात झाकलेली विहीर असेल तर तीही काही सांगते. विहार तलावाचं पाणी 1860 ला आलं, तुळशीचं 1879 ला, तानसाचं 1892 ला, पण घरच्या विहिरी लगेच सुटल्या नाहीत. 1911 च्या मलेरियाच्या अहवालानंतर पालिका विहिरी बुजवायला आणि झाकायला लागली, आणि त्यावरून मालकांशी तंटे झाले. त्या पत्रव्यवहारात घरमालकांची नावं मिळतात.

इमारतीला मजला कधी चढला हे पालिकेच्या करनिर्धारणाच्या नोंदवहीत पकडता येतं. करपात्र मूल्य वर्षानुवर्षं तेच असतं आणि एका वर्षी एकदम उडी मारतं. ही उडी म्हणजे नवा मजला, नव्या खोल्या किंवा भाडेवाढ. या आकड्यातून भाडंही काढता येतं. वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करपात्र मूल्य ठरायचं. म्हणजे करपात्र मूल्य 1,080 असेल तर वर्षाचं भाडं 1,200, महिन्याचं 100, आणि खोल्या वीस असतील तर खोलीमागे सरासरी पाच रुपये. 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आली, तिथून पुढे हे गणित लागू पडत नाही.

सेसची, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी लावलेल्या उपकराची, वर्गवारी लोक फार भक्तिभावाने सांगतात. ‘अ’ म्हणजे 1 सप्टेंबर 1940 पूर्वीची इमारत, ‘ब’ म्हणजे तिथून 1950 च्या अखेरपर्यंतची, ‘क’ म्हणजे 1951 पासून 30 सप्टेंबर 1969 पर्यंतची. 1969 च्या कायद्यानंतर शहरात अशा 19,642 इमारती मोजल्या गेल्या, त्यांतल्या 16 हजारांहून अधिक ‘अ’ वर्गातल्या. पण ‘अ’ म्हणजे 1939 सुद्धा आणि 1839 सुद्धा. एवढ्यावर चाळीचा शतकमहोत्सव करू नये.

इथपर्यंत मालकाचा इतिहास झाला. त्यात एकही भाडेकरू आलेला नाही. चाळ मालकाने बांधली खरी, पण तिच्यात राहिली दुसरीच माणसं, आणि सरकारच्या लेखी ती जवळपास नव्हतीच. त्यांच्यासाठी पत्र्याच्या ट्रंका उघडाव्या लागतात.

एक भाडेपावती हातात घ्या. वर मालकाचं किंवा ट्रस्टचं छापील नाव, खाली खोली नंबर, महिना, भाडेकरूचं नाव आणि रक्कम. रकमेकडे आधी बघावं. ‘7-8-0’ असं तीन रकान्यांत असेल तर रुपये-आणे-पै, म्हणजे हिशोब 1 एप्रिल 1957 च्या आधीचा. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असेल तर 1957 ते 1964 मधला. आता पत्ता. ‘मुंबई नं. 4’ असेल तर छपाई जुन्या विभागाच्या पद्धतीची, ‘400 004’ असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरची. मात्र मालक लोक छापील पुस्तकं संपेपर्यंत वापरत, त्यामुळे छपाईवरून ‘याआधीची नाही’ एवढंच म्हणावं. रेव्हेन्यू तिकिटावर राजाचं डोकं असेल तर कोणता राजा तेही बघावं. तिकीट नसेल तर संशय घेऊ नये: स्टँप कायद्याप्रमाणे वीस रुपयांवरच्या पावतीलाच एका आण्याचं तिकीट लागे आणि चाळीतल्या खोलीचं भाडं तेवढं कुठून असणार? ‘रिपेअर सेस’ अशी वेगळी ओळ असेल तर पावती 1969 च्या कायद्यानंतरची.

आणि एक रबरी शिक्का शोधावा, ‘विदाऊट प्रेज्युडिस’, म्हणजे पैसे घेतले तरी मालकाचा हक्क सोडलेला नाही. हा शिक्का दिसला की समजावं, मालक-भाडेकरूंत बिनसलेलं आहे. मग धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात दावा असण्याची दाट शक्यता. अशा दाव्याच्या कागदांत खोलीत कोण कोण राहतं, कधीपासून राहतं, पोटभाडेकरू कोण, माळा कोणी घातला, हे सगळं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं. मालकाने भाडं घ्यायचंच नाकारलं असेल तर भाडेकरू मनीऑर्डर करत राहतो आणि त्या पोचपावत्यांचा गठ्ठा जिवापाड जपतो. तो गठ्ठा टाकून देण्याआधी घरच्यांना दहादा विचार करायला सांगावं.

1940 च्या पातळीला भाडी गोठली आणि 1947 च्या कायद्याने ती तशीच राहिली, त्यामुळे पावत्यांची चळत चाळताना कंटाळा येतो. तीच रक्कम, तेच नाव, महिन्यामागून महिने. पण कागदावरच्या नावावर विसंबू नये. मूळ भाडेकरू वारला तरी पावती पुढे कित्येक वर्षं त्याच्याच नावाने फाटते, कारण नाव बदलायचं तर मालकाला पैसे मोजावे लागतात. मुंबईत असे कित्येक आजोबा मरणोत्तर भाडं भरत आलेले आहेत. तेव्हा पावतीवरून ‘1978 साली खोली नऊमध्ये अमुक राहत होते’ असं कधीच लिहू नये. ‘खोली त्यांच्या नावावर होती’ एवढंच लिहावं आणि राहणाऱ्यासाठी शिधापत्रिका, शाळेचा दाखला, बेस्टचं वीजबिल शोधावं.

खोली नंबरही खोलीला कायमचा चिकटलेला नसतो. मालकाचा एक नंबर, पालिकेचा दुसरा, मंडळाचा तिसरा. मजला चढला किंवा दोन खोल्या एक झाल्या की सगळे पुन्हा सरकतात. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. मजल्यागणिक हाताने नकाशा काढायचा, प्रत्येक चौकोनात तिन्ही नंबर लिहायचे आणि कोणता नंबर कुठल्या कागदावरून घेतला ते कोपऱ्यात नोंदवायचं.

पालिकेचा इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट हा भाडेकरूंचा सगळ्यात भरवशाचा सरकारी कागद. कराचा निरीक्षक खोलीखोलीने फिरला, त्याने खोली नंबर, वापर, राहणाऱ्याचं नाव आणि भाडं लिहून घेतलं. स्पेलिंगची हयगय सोडली तर एका वर्षाची अख्खी चाळ एका उताऱ्यात उभी राहते. मिळवायचा कसा? मालकाकडून किंवा सोसायटीकडून सरळ मिळाला तर उत्तम. नाही तर माहितीच्या अधिकारात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘आमच्या इमारतीचा इतिहास द्यावा’ असा अर्ज हमखास परत येतो. वॉर्ड, वॉर्ड नंबर, रस्त्याचा नंबर, कोणत्या वर्षाची नोंदवही, एवढं लिहावं आणि प्रती मागण्याआधी पाहणी मागावी. हयात माणसांची माहिती तुम्हाला द्यायला कार्यालय नकार देऊ शकतं, आणि त्यात काही वावगं नाही.

यापुढचा स्रोत कुठल्याच सरकारी यादीत नाही: गणेशोत्सवाचा अहवाल. केशवजी नाईक चाळीत 1893 ला सार्वजनिक उत्सव सुरू झाला आणि मग वाडीवाडीत मंडळं झाली. मंडळ म्हटलं की वर्गणी, वर्गणी म्हटली की हिशोब, आणि हिशोब छापायचा म्हटला की खोलीवार नावं. कोणी सव्वा रुपया दिला, कोणी पाच, कोणाकडून येणे बाकी. दर भाद्रपदात निघणारी ही चाळीची शिरगणतीच म्हणायची. दोन अहवाल शेजारी ठेवले की कोण नवा आला, कोणाचं नाव गेलं, कोणत्या खोलीत थोरल्याच्या जागी धाकटा आला, ते दिसतं. कार्यक्रमांच्या पानावर नाटकातल्या भूमिकांत, रांगोळीच्या बक्षिसांत बायकांची आणि मुलांची नावं येतात. भाडेपावती त्यांना कधीच विचारत नाही. हे अहवाल ग्रंथालयात क्वचितच मिळतात. मंडळाच्या कपाटात, आरतीच्या पुस्तकांखाली असतात. आधी खजिनदाराला विचारावं, अध्यक्षाला नव्हे.

गिरणगावात एक वेगळीच अडचण येते. खोली एका नावावर आणि राहणारे तीस-चाळीस. कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या असत. पाळीपाळीने झोपायचं, दिवसपाळीचे गेले की रात्रपाळीचे आले. वळकट्या भिंतीला, जेवण खानावळीत. भाडेकरू म्हणून नाव गावच्या एखाद्या पंचाचं. धोबीतलावाजवळ गोवेकरांचे कूड, म्हणजे गावागावाच्या सामायिक खोल्या होत्या, त्यांचीही रीत अशीच. या माणसांचा माग मुंबईत काढू नये, गावी काढावा. ग्रामस्थ मंडळाची वही, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या देणगीदारांचा फलक, ‘मुंबईकर’ म्हणून लिहिलेली नावं. पैसा मुंबईत मिळवला आणि नाव गावच्या फलकावर लागलं.

पोटभाडेकरूंसाठी 1973 हे साल ध्यानात ठेवावं. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्याचा परवान्याने ताबा होता त्याला कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला. ताबा सिद्ध करायला लोकांनी जपलेले कागद त्या सुमाराचे भरपूर सापडतात. त्याआधी हीच माणसं अंधारात असतात. तसंच साल 1996 चं. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासासाठी म्हाडा 13 जून 1996 च्या तारखेचे भाडेकरू धरून यादी प्रमाणित करते, म्हणून प्रत्येकाने त्या तारखेच्या आगेमागे आपला पुरावा जमवलेला असतो.

एवढी तयारी झाली की मग गोष्टी ऐकायला बसावं. म्हाताऱ्या माणसाला साल विचारलं तर तो चुकतो, प्रसंग विचारला तर सहसा चुकत नाही. गोदीच्या स्फोटाच्या वेळी, म्हणजे 14 एप्रिल 1944 ला, तुम्ही याच खोलीत होता का? ब्लॅकआऊटला काचांना कागद कोणी लावले? गिरणी संपाच्या वर्षी कोण गावी गेलं? ‘टिळक आले होते’ याला उलटा प्रश्न करावा: कोणाकडे आले, त्या माणसाची खोली कोणती, तो तिथे कधीपासून होता? सरदारगृहात 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य वारले. यजमानाचं कुटुंब 1925 ला राहायला आलेलं निघालं की प्रश्न मिटतो. याच्या उलट डॉ. आंबेडकरांचं परळच्या बीआयटी चाळ क्रमांक एकमधलं 1912 ते 1934 पर्यंतचं वास्तव्य, तिथे खोलीचा नंबरही ठाऊक आहे. ती इमारत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली हा ट्रस्ट स्थापन झाला. 1933 साली तो पालिकेत विलीन झाला, त्यामुळे अशा घरांच्या भाडेपट्ट्याचे कागद पालिकेच्या मालमत्ता विभागाकडे मागावेत, खाजगी मालकाच्या मागे लागू नये.

चाळ रिकामी व्हायची तारीख ठरली असेल तर क्रम बदलावा. दप्तरं कुठे जात नाहीत, इमारत जाते. आधी मीटरच्या बोर्डावरचे रंगवलेले खोली नंबर, दारावरच्या पाट्या, जिन्याचे कठडे, गर्डरवरचे छाप, कौलांच्या मागची बाजू यांचे फोटो घ्यावेत, प्रत्येक फोटोत मापाची पट्टी आणि खोली नंबराची चिठ्ठी धरून. मग ट्रंका. घर आवरताना पहिल्या फेरीत कागद जातात आणि ते रद्दीवाल्याकडून परत मिळत नाहीत. कागद मागून नेऊ नयेत, जागच्या जागी फोटो काढून परत द्यावेत. भाडेकरूला ती पावती आजही पुरावा म्हणून लागते.

खोली सोडण्याआधी विकासक प्रत्येक भाडेकरूशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार करतो आणि तो नोंदवला जातो. करारात जुना खोली नंबर, तिचं क्षेत्रफळ, भाडेकरूचं पूर्ण नाव आणि मिळकतीचा सी. एस. नंबर असतो. म्हणजे शंभर वर्षं इंडेक्स टूमध्ये ज्या घराखाली फक्त मालकाचं नाव होतं, त्याच नंबराखाली आता खोली एकपासून शेवटच्या खोलीपर्यंत सगळे भाडेकरू ओळीने येतात. चाळ आधीच पाडली गेली असेल तर शोधाला त्या करारांपासून उलट्या दिशेने सुरुवात करावी.